शनेलचं १९३२ चं हिऱ्यांचं प्रदर्शन: एक प्रकरण अभ्यास

हिऱ्यांचा इतिहास बहुधा खड्यांच्या नावांनी सांगितला जातो. कोहिनूर, होप, रीजंट. खडा कुठल्या खाणीतून निघाला, कुणाच्या मुकुटात गेला, किती कॅरेटचा भरला. या वाटेने गेलं की राजघराण्यांची आणि लुटीची कहाणी हाती लागते, दागिन्याची लागत नाही. हार गळ्यालगत बसावा की छातीवर रुळावा, ब्रोच खांद्यावर यावा की कमरेला, कानातलं लोंबतं असावं की पाळीला चिकटून, हे खड्याने क्वचितच ठरवलं. ते ठरवलं पोशाखाच्या गळ्याने, बाहीने, कापडाच्या वजनाने आणि केसांच्या लांबीने.

माझं हे म्हणणं तपासून पाहायला एक प्रकरण फार उपयोगी पडतं. ७ ते १९ नोव्हेंबर १९३२ या काळात पॅरिसमधल्या फोबूर सँ-ओनोरे रस्त्यावरच्या २९ क्रमांकाच्या हवेलीत एक प्रदर्शन भरलं होतं. हवेली पोशाखकार गाब्रिएल शनेलची, म्हणजे जग जिला कोको म्हणून ओळखतं तिची. प्रदर्शनाचं नाव साधं होतं, ‘हिऱ्यांचे दागिने’. सुमारे पन्नास नग मांडले होते. शनेलने आयुष्यात केलेला हिऱ्यांच्या दागिन्यांचा हा एकमेव संग्रह. त्यातले जवळपास सगळे नग पुढे मोडले गेले. तरीही आज जवाहिऱ्यांचं कुठलंही मोठं दालन पाहिलं, तर त्या दोन आठवड्यांची खूण तिथे दिसते.

कापड आणि कोंदण

१९३२ मध्ये नेमकं काय बदललं हे कळण्यासाठी आधी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

अठराव्या शतकापर्यंत युरोपात येणारा हिरा मुख्यतः भारतातला होता. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि पुरवठा वाढला. त्याच काळात ‘ब्रिलियंट’ पैलूंची पद्धत रुळली आणि मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात खडा आधीपेक्षा कितीतरी जास्त खेळू लागला. दिवसाचे दागिने आणि रात्रीचे दागिने ही फारकत तेव्हा पक्की झाली. हिरा रात्रीचा मानला गेला.

त्या वेळच्या दरबारी पोशाखाकडे नीट पाहावं. देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या घालून ताठ केलेली चोळी, वर जड रेशीम आणि जर. अशा चोळीवर छातीपासून कमरेपर्यंत उतरणारा त्रिकोणी हिरेजडित दागिना शिवून किंवा टाचून बसवत. तो पेलायला खाली ताठ कापड होतं म्हणूनच असा दागिना घडू शकला. कोंदण चांदीचं असे, कारण सोन्याची पिवळी झाक हिऱ्यात उतरते. पण चांदी मऊ. खडा धरून ठेवायचा तर ती जाडच वापरावी लागे. शिवाय कोंदण बऱ्याचदा मागून बंद असे आणि आत चमकदार वर्ख घातलेला असे. एकूण दागिना वजनदार, पोशाखही वजनदार. दोघांचं जमून गेलं.

१८६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत होपटाउनजवळ पहिला हिरा मिळाला, पुढे किंबर्लीच्या खाणी उघडल्या आणि हिरा दुर्मीळ राहिला नाही. वीस वर्षांनी, मे १८८७ मध्ये, फ्रान्सच्या प्रजासत्ताक सरकारने राजघराण्याचं जवाहीर पॅरिसमध्ये लिलावात काढलं. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा अमेरिकेच्या टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने उचलला. राणीच्या अंगावरचे खडे आता पैसे मोजणाऱ्या कुणाच्याही अंगावर येऊ शकत होते. मागणी वाढली, पण घाट दरबारीच राहिला. नव्या श्रीमंतांना राणीसारखंच दिसायचं होतं.

घाट बदलला तो धातूने. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीने प्लॅटिनमचा सर्रास वापर सुरू केला. हा धातू वितळायला सुमारे १७६८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. नेहमीच्या भट्टीवर तो बधत नाही, ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत लागते. मात्र एकदा हाताला बसला की त्याची तार केसासारखी बारीक काढता येते आणि इतकी बारीक तारही खडा घट्ट धरते. चांदीचं जाड कोंदण गेलं, माळा, फिती आणि फुलांची जाळी आली. मागची बाजू उघडी राहिली, उजेड आरपार जाऊ लागला.

याच वर्षांतली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. १८९८ मध्ये लुई कार्तिएने आंद्रे-कॅरोलिन वर्थशी लग्न केलं. ती चार्ल्स फ्रेडरिक वर्थची नात, म्हणजे पॅरिसमधल्या ‘ओत कुतूर’चा, मापाने शिवलेल्या उंची पोशाखांच्या धंद्याचा, पाया ज्याने घातला त्या घराण्यातली. पुढच्याच वर्षी कार्तिएची पेढी रू द ला पे या रस्त्यावर आली, वर्थच्या पेढीपासून काही पावलांवर. वर्थकडे पोशाखाचं माप द्यायला येणारी बाई आणि कार्तिएकडे हार पाहायला येणारी बाई एकच होती. सोनार आणि शिंपी सोयरे झाले होते, तेही अक्षरशः.

मग पहिलं महायुद्ध झालं. कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी ताठ चोळी, आधीच मागे पडत चालली होती, ती गेली. केस कापले गेले. बाह्या गेल्या. कंबर खाली सरकली आणि पोशाख सरळ नळीसारखा झाला. छातीवर टाचायचा जड दागिना आता धरणार कोण? मऊ कापड त्याच्या वजनाने ओघळलं असतं. उंच मुकुटाला आधार देणारा केशसंभार उरला नव्हता, म्हणून त्याची कपाळपट्टी झाली. उघड्या दंडांवर आणि मनगटांवर एकावर एक कडी चढली, लांब माळा कमरेखाली लोंबू लागल्या. १९२५ च्या पॅरिसमधल्या सजावटी कलांच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात कार्तिएने आपले दागिने बाकीच्या जवाहिऱ्यांच्या दालनात मांडले नाहीत, पोशाखकारांबरोबर ‘पाव्हियाँ द लेलेगाँस’ या दालनात मांडले. हवा कुठल्या दिशेने वाहते आहे हे त्यांना कळलं होतं.

पण इथवर क्रम एकच होता. आधी पोशाख बदलायचा, मग जवाहिऱ्या आपला घाट त्याला जुळवून घ्यायचा. पोशाख करणारीनेच हिरा हातात घेतला, असं अजून घडलं नव्हतं.

पडून राहिलेला माल

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. अमेरिकी गिऱ्हाईक हे पॅरिसच्या जवाहिऱ्यांचं आणि पोशाखकारांचंही मोठं गिऱ्हाईक होतं. ते नाहीसं झालं. हिऱ्याच्या धंद्याची अडचण आणखी खोल होती. हिरा खराब होत नाही, जुना होत नाही, आणि गरजवंत घरं अडचणीच्या काळात तो विकायलाच काढतात. म्हणजे मागणी आटते तेव्हाच पुरवठा वाढायची भीती असते.

डिसेंबर १९२९ मध्ये अर्नेस्ट ओपनहायमर द बीअर्स या दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणकंपनीचे अध्यक्ष झाले. १९३० मध्ये त्यांनी डायमंड कॉर्पोरेशन उभी केली. कच्चा माल एका हाताने विकत घ्यायचा, साठवायचा आणि बाजार पेलेल तेवढाच सोडायचा, हे तिचं काम. तरीही साठा फुगत गेला. १९३२ मध्ये द बीअर्सला आपल्या खाणी बंद कराव्या लागल्या.

पुरवठ्याचा नळ बंद करता येतो. मागणी अशी हुकमाने उघडता येत नाही. हिरा घालावासा वाटला पाहिजे, आणि मंदीत तो घालणं म्हणजे ओंगळ प्रदर्शन वाटण्याचा धोका होता. लंडनमधून हिरे विकणाऱ्या या मंडळींनी कुठल्या जवाहिऱ्याचं दार ठोठावलं नाही. ते गेले एका पोशाखकार बाईकडे, आणि तीही अशी की जिने पॅरिसला खोटे दागिने घालायला शिकवलं होतं.

तिचीच निवड का

शनेलने १९२० च्या दशकात काचेचे मणी, कृत्रिम मोती, साधा धातू यांचे दागिने आपल्या पोशाखांसोबत विकायला सुरुवात केली होती. तिच्या स्वतःकडे अस्सल जवाहीर भरपूर होतं. ती खरं आणि खोटं बेधडक मिसळून घालायची. ऑक्टोबर १९२६ मध्ये अमेरिकी ‘व्होग’ या फॅशन मासिकाने तिच्या साध्या काळ्या पोशाखाचं चित्र छापून त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली. सगळ्यांना परवडेल, सगळ्यांना शोभेल असा, हा त्याचा अर्थ.

अशा बाईने हिऱ्याला हात लावावा यात विसंगती दिसते. प्रदर्शनाच्या वेळी पत्रकारांना दिलेल्या निवेदनात तिने ती स्वतःच सोडवली आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: पैसा सहज येत होता, चैन स्वस्त झाली होती, तेव्हा खोट्या दागिन्यात मला उद्दामपणा दिसत नव्हता म्हणून मी तो केला. आता आर्थिक संकट आहे. अशा वेळी माणसाला अस्सलाची ओढ लागते. आणि हिराच का, तर सर्वांत कमी आकारमानात सर्वांत जास्त मोल त्यात मावतं.

हा युक्तिवाद मला मनापासून पटतो, आणि तो फार चतुर आहे हेही दिसतं. शेवटचं वाक्य सौंदर्याचं नाही, गुंतवणुकीचं आहे. ज्याची चलनावरची श्रद्धा डळमळली आहे त्याच्याशी ती बोलते आहे. लंडनला जे हवं होतं तेच तिने सांगितलं, पण बाजारभावाची भाषा न वापरता.

रेखनाच्या कामात तिच्यासोबत पॉल इरिब होता. १८८३ चा जन्म. १९०८ मध्ये पोशाखकार पोल प्वारेच्या पोशाखांची चित्रं काढून त्याने फॅशनच्या चित्रणाची तऱ्हाच बदलली होती. मधली काही वर्षं त्याने हॉलिवूडमध्ये दिग्दर्शक सेसिल बी. डमिलसाठी काम केलं. पोशाख, रंगमंच आणि कॅमेरा या तिन्हींची नजर त्याला होती. पेढीवर बसून घडलेला जवाहिऱ्या दोघांपैकी एकही नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

मेणाचे चेहरे

जवाहिऱ्याच्या दुकानात दागिना कसा पाहिला जातो? मखमलीच्या तबकात, आडवा. नजर आपोआप मोठ्या खड्यावर जाते, भिंग निघतं, पारख सुरू होते. शनेलने तबकच काढून टाकलं. तिच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटांमध्ये मेणाचे अर्धपुतळे उभे केले होते. रंगवलेले ओठ, पापण्या, नीट विंचरलेले केस, जणू आत्ता वळून बोलतील. दागिने त्यांच्या अंगावर होते. आरशांमुळे मागची बाजूही दिसत होती. पाहणाऱ्याला आधी बाई दिसायची, मग तिने घातलेला दागिना, आणि खडा शेवटी. प्रवेशाला शुल्क होतं, ते धर्मादाय संस्थांना गेलं. बाहेर पहारा होता. पत्रकारांसाठीची छायाचित्रं रोबेर ब्रेसाँने काढली. पुढे मोठा चित्रपट दिग्दर्शक म्हणून जग ज्याला ओळखतं तोच हा ब्रेसाँ.

मांडणीतला हा फेरफार मला संग्रहातल्या कुठल्याही नगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. दागिना कुठल्या कोनातून, किती उंचीवर, कुठल्या त्वचेजवळ पाहायचा हे प्रदर्शन करणारीने ठरवून टाकलं होतं.

आता नगांकडे येऊ. विषय मोजके होते: धूमकेतू, तारे, चंद्रकोर, सूर्य, फित, पीस, झालर. बायकांना नक्षत्रांनी झाकून टाकायची आपली इच्छा आहे असं ती म्हणाली होती. लहानपणी ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात तिची काही वर्षं गेली आणि तिथल्या फरसबंदीत तारे आणि चंद्र आहेत, त्यावरून ही कल्पना आल्याचं सांगितलं जातं. तसं असेलही. मला मात्र या विषयांमागे एक व्यावहारिक कारण जास्त दिसतं. तारा, धूमकेतू, पीस, झालर या सगळ्यांना दिशा असते. ते कुठूनतरी कुठेतरी जातात. नेहमीच्या हाराला मधोमध पदक असतं आणि दोन्ही बाजू सारख्या असतात. धूमकेतूला मध्य नसतो, डोकं आणि शेपूट असते. म्हणून तो मानेवरून तिरपा येऊ शकतो.

‘कोमेत’ हार असाच होता. त्याला फासा, म्हणजे मानेमागे अडकवायची कडी, नव्हता. एका टोकाला तारा, आणि हिऱ्यांचा पट्टा मानेमागून वळून दुसऱ्या बाजूने खांद्यावर झरा उतरावा तसा उतरायचा. पुढून तो उघडाच. असा हार जागच्या जागी राहायचा तर वळणाला पुरेसा ताण हवा आणि दोन्ही टोकांचं वजन मानेच्या दोन बाजूंना तोलून धरणारं हवं. ताण जास्त झाला तर मानेला रुततो, कमी झाला तर मान वळवताच घसरतो. जड चांदीच्या कोंदणात हे साधणं अवघड होतं. प्लॅटिनमने ते आवाक्यात आणलं. शनेलला फासे आवडत नसत, हे तिने स्वतः बोलून दाखवलं आहे. फासा म्हणजे बाईला दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची गरज. मोलकरणीने किंवा नवऱ्याने मागे उभं राहून लावायचा. स्वतःचा स्वतः घालता येणारा हार म्हणजे वेगळ्या तऱ्हेचं आयुष्य.

‘फ्रांज’ म्हणजे झालर. हिऱ्यांची झालर कपाळावर यायची, कापलेल्या केसांची बट भुवयांपर्यंत यावी तशी. उंच केशरचना गेल्यावर मुकुटाचं काय करायचं, या जुन्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर मला फार देखणं वाटतं. केसांचा आकारच दागिन्याचा आकार झाला. ‘प्ल्यूम’, म्हणजे पीस, खांद्यावर टाचता यायचं किंवा केसांत खोवता यायचं. ‘न्योद’, म्हणजे फितीची गाठ, गळ्यात बांधलेल्या रेशमी फितीसारखी दिसायची. फित हा शिवणकामातला विषय आहे, जडावकामातला नव्हे. इथे पोशाखकाराचा हात उघड दिसतो.

बरेचसे नग सुटे होत. हाराचे भाग वेगळे करून कडी म्हणून मनगटात घालायचे, पदक काढून ब्रोच करायचं, ब्रोच टोपीवर किंवा फरच्या कोटावर लावायचा. तिची भूमिका स्पष्ट होती: माझे दागिने बाई आणि तिचा पोशाख या कल्पनेपासून कधी सुटे नसतात, पोशाख बदलतात म्हणून दागिनेही बदलता आले पाहिजेत. दागिन्यांचा संच ही न बदलणारी वस्तू राहत नाही, आयुष्य तिला आपल्या गरजेप्रमाणे वळवतं.

मंदीच्या काळात याचा हिशोबही सरळ आहे. एक नग घेतला आणि तो तीन प्रसंगांना तीन ठिकाणी घातला.

रंगाचाही विचार करायला हवा. बहुतेक काम पांढरं: प्लॅटिनम आणि हिरे. थोडे पिवळे हिरे पिवळ्या सोन्यात. त्या आधीच्या काही वर्षांत पॅरिसचे जवाहिरे पाचू, पोवळं, गोमेद, निळे आणि हिरवे खडे यांच्या भौमितिक रचनांमध्ये रमले होते. हे सगळं शनेलने बाजूला ठेवलं. १९३० च्या सुरुवातीचा रात्रीचा पोशाख पुन्हा लांब झाला होता. पोशाखकार मादलेन व्हियोनेच्या पद्धतीने कापड तिरकं कापून शिवलं की सॅटिन अंगावरून पाण्यासारखं वाहतं, पाठ उघडी राहते, आणि उजेड कापडावरच खेळतो. त्यावर रंगीत खड्यांची चौकट ठेवली तर ती कापडाशी भांडते. पांढऱ्या हिऱ्याची वाहती रेघ त्या कापडाच्या चालीने चालते. त्यात छापील मासिकं आणि सिनेमा दोन्ही कृष्णधवल. पाचू त्यात काळा दिसतो, हिरा मात्र हिराच दिसतो. १९३१ मध्ये चित्रपट निर्माता सॅम्युएल गोल्डविनसाठी शनेल हॉलिवूडला जाऊन आली होती आणि इरिब तर तिथे राहिलेला होता. कॅमेऱ्याला काय दिसतं हे दोघांनाही ठाऊक होतं. या दोन गोष्टींचा संबंध मी लावतो आहे, पण तो फार दूरचा आहे असं मला वाटत नाही.

जवाहिऱ्यांची नाराजी

शनेलची रू काँबोंवरची पेढी प्लास व्हाँदोमपासून चालत दोन-तीन मिनिटांवर. १८९३ मध्ये बुशरों या जवाहिऱ्याने त्या चौकात पेढी उघडली तेव्हापासून तो परिसर जवाहिऱ्यांचा झाला होता. तिथल्या मंडळींना हे प्रदर्शन अजिबात रुचलं नाही. ज्यांच्याकडून ते पिढ्यान्‌पिढ्या माल घेत होते त्यांनीच खडे थेट एका पोशाखकाराच्या हाती दिले होते. नग मोडावेत आणि खडे परत जावेत असा त्यांचा आग्रह होता. पुढे झालंही तसंच. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नग वाचले.

त्यांचा राग मला अन्यायाचा वाटत नाही. मंदीत त्यांचे कारागीर रिकामे बसले होते. खडा जडवणं, कोंदण घडवणं, पैलूंचा मेळ बसवणं ही विद्या वर्षानुवर्षं हाताखाली राहून येते, आणि शनेलचे नगही अखेर अशाच कसबी कारागिरांच्या हातून उतरले होते. नाव मात्र तिचं झालं. पोशाखकार आणि कारागीर यांच्यातला श्रेयाचा हा प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि या प्रकरणाबद्दल लिहिताना तो बहुतेक वेळा गाळला जातो.

यातलं नवं किती

फासा नसलेला हार शनेलने शोधला, असं वारंवार छापलं जातं. ते खरं नाही. बुशरोंने १८७९ मध्ये पुढून उघडा, एका बाजूने वळत येणारा, बाईला स्वतःचा स्वतः घालता येईल असा हार घडवला होता. प्रश्नचिन्हासारखा आकार म्हणून त्याचं नाव ‘प्वँ दँतेरोगासियों’. १८८९ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्याचं कौतुक झालं होतं. सुटे होणारे दागिनेही जुनेच. एकोणिसाव्या शतकातले कित्येक मुकुट उलटे करून हार म्हणून घालता येत, त्यांचे तारे आणि फुलं काढून ब्रोच करता येत, आणि त्यासाठी लागणारे छोटे स्क्रू आणि पाने पेटीतच दिलेले असत. तारा आणि चंद्रकोर हे तर व्हिक्टोरियन काळातले सर्वांत लाडके आकार. पीस आणि फित त्याहून जुनी.

तर मग नवं काय? माझ्या मते कामाचा आरंभबिंदू. बुशरोंचा हार देखणा होता, पण तो जवाहिऱ्याच्या पेढीत, जवाहिऱ्याच्या प्रश्नातून जन्मला. १९३२ च्या संग्रहात पहिला प्रश्न खड्याचा नव्हता. संग्रहाच्या नावात एकाही प्रसिद्ध हिऱ्याचं नाव नाही, कुठल्या राजाचा इतिहास नाही. पहिला प्रश्न अंगाचा होता: ही बाई कशी चालते, काय घालते, रात्री कुठे जाते, हाराला हात लावणारं कुणी सोबत आहे का. जुने सुटे भाग, जुने तारे, जुना उघडा हार हे सगळं तिने त्या प्रश्नाखाली एकत्र आणलं आणि एका हंगामाच्या पोशाखसंग्रहासारखं, एकाच विषयसूत्राने मांडलं. जवाहिरे तोवर एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक नग घडवत. विषय ठरवून, नाव देऊन, पत्रकारांना बोलावून, निवेदन वाटून संग्रह सादर करणं ही पोशाखाच्या धंद्याची रीत होती. आज प्लास व्हाँदोमवरची प्रत्येक मोठी पेढी नेमकं हेच करते.

उणी बाजूही सांगायला हवी. ज्या बाईच्या मोकळ्या आयुष्यासाठी हे दागिने घडवले असं शनेल म्हणत होती ती फारच थोड्यांत मोडणारी होती. प्रदर्शनाने मंदी हटवली नाही. खाणी बंदच राहिल्या. हिरेवाल्यांनी यातून घेतलेला धडाही शनेलच्या धड्यापेक्षा वेगळा होता.

पुढची वळणं

१९३० च्या दशकाचा उरलेला काळ सुट्या दागिन्यांचा ठरला. दोन तुकड्यांची क्लिप घराघरात गेली, जोडली की ब्रोच, सुटी केली की गळ्याच्या दोन कोपऱ्यांना दोन. तिच्यामागे शनेल एकटी नव्हती, मऊ कापड होतं. टाचणी सॅटिनला भोक पाडते, चपटी पकड पाडत नाही. १९३८ मध्ये व्हान क्लीफ अँड आर्पेल्स या जवाहिऱ्यांच्या पेढीने ‘पास-पार्तू’ आणला. लवचीक सोनसाखळीवर फुलांच्या क्लिपा सरकवून तो हार, कमरपट्टा किंवा कडं म्हणून घालता यायचा.

इरिब १९३५ मध्ये शनेलच्या दक्षिण फ्रान्समधल्या घरी अचानक वारला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तिने पोशाखाची पेढी बंद केली.

हिरेवाल्यांनी मात्र फॅशनमधून मागणी उभी करण्याचा विचार सोडला नाही. १९३८ मध्ये द बीअर्सच्या हॅरी ओपनहायमरने एन. डब्ल्यू. एयर या अमेरिकी जाहिरात संस्थेशी बोलणी केली. तिथे १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटीने हिरा कायमचा असतो हे प्रसिद्ध वाक्य लिहिलं. १९४४ च्या ऑस्कर सोहळ्यात जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने अभिनेत्री जेनिफर जोन्सला हिरे घालायला दिले, आणि तारकेला दागिने उसने द्यायची प्रथा पडली. शनेलच्या मेणाच्या पुतळ्यांच्या जागी चालती-बोलती माणसं आली. पण गेरेटीच्या वाक्यात आणि शनेलच्या निवेदनात एक मूलभूत विरोध आहे. शनेलने सांगितलं की दागिना बदलता आला पाहिजे. गेरेटीने सांगितलं की हा कधी बदलायचा नाही, विकायचा नाही, मोडायचा नाही. धंद्याच्या दृष्टीने दुसरं जास्त सोयीचं होतं, कारण जुना हिरा बाजारात परत आला नाही तरच नव्याचा भाव टिकतो. साखरपुड्याच्या एका खड्याच्या अंगठीने विसाव्या शतकाचा उत्तरार्ध व्यापला तो यामुळे. डिझाइनच्या दृष्टीने मला ती वर्षं ओसाड वाटतात.

शनेलची पेढी दागिन्यांकडे वळली ती १९९३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. १९९७ मध्ये ती प्लास व्हाँदोमवर १८ क्रमांकाला दाखल झाली, ज्या चौकातून एके काळी नग मोडायची मागणी आली होती तिथेच. मूळ नग नव्हतेच. नव्या डिझाइनरांना काम करावं लागलं ते ब्रेसाँच्या छायाचित्रांवरून आणि वाचलेल्या थोड्या नगांवरून. कृष्णधवल छायाचित्रात कोंदणाची मागची बाजू, सांध्याची जाडी, बिजागरी कुठे आहे हे दिसत नाही. म्हणून नक्कल शक्यच नव्हती, कल्पना तेवढी घेता आली. मला वाटतं, यातच त्यांचं भलं झालं.

प्रदर्शनाला नव्वद वर्षं झाली तेव्हा २०२२ मध्ये पेढीने ‘१९३२’ नावाचा ७७ नगांचा संग्रह केला. त्यातल्या मुख्य हाराचं नाव ‘आल्यूर सेलेस्त’. मधोमध ५५.५५ कॅरेटचा लंबगोल नीलम, भोवती तारे आणि सूर्यकिरणांसारखे हिरे. हा हार सुटा होतो. काही भाग काढले की त्यांचे ब्रोच होतात, काहींचं कडं, आणि गळ्यात आखूड हार उरतो.